सतरंजीवर कोण कुठे बसतं

बालवाडीचा दिवस सतरंजी अंथरण्यापासून सुरू होतो. पुढचे तीन-साडेतीन तास मुलं गोलात बसतात, उठतात, हात धुतात, डबा खातात, भांडतात, पेंगतात आणि घरी जातात. लालबाग, परळ, नायगाव, गिरगाव या पट्ट्यातल्या बालवाड्यांत आयुष्याची बरीच वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. समतेचं जे काही काम या वयात होणार असतं, ते या साध्या हालचालींतच होतं किंवा बिघडतं. कोण कोणाशेजारी बसलं, पाणी कोणी ओतलं, कोणाचं नाक बाईंनी स्वतः पुसलं आणि कोणाला ‘जा, मावशींकडून पुसून घे’ म्हणून पिटाळलं, कोणाचा डबा उघडल्यावर बाईंच्या कपाळाला आठी पडली, यावरून मूल माणसांची किंमत ठरवायला शिकतं. त्याच बालवाडीत ‘आपण सारे एक’ असं गाणं रोज म्हटलं जात असेल, तरी मूल गाण्यावर जात नाही, आठीवर जातं. इंग्लंड-अमेरिकेतल्या बालशाळांत वंशसमतेची धोरणं लिहून काढतात, भिंतीवर लावतात. आपल्याकडे तोच प्रश्न जात, धर्म, प्रांत, कातडीचा रंग आणि आता राहत्या इमारतीची उंची अशा वाटांनी सतरंजीवर येतो. धोरण लिहायला हरकत नाही, पण सतरंजी कशी घातली जाते हे आधी पाहायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढ्याशा पोरांना कसली आली जात? त्यांच्या मनात काही नसतं, तुम्हीच विषय काढून नको ते डोक्यात भरवता. पालक हे म्हणतात, शिक्षिका म्हणतात, संस्थेच्या कार्यकारिणीतले लोक तर हमखास म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो, पण म्हणणं खरं नसतं. बालवाडीतला आपला पहिला पाठच मुळी वर्गीकरणाचा असतो. लाल मणी इकडे, निळे तिकडे. मोठे ठोकळे खाली, लहान वर. पक्षी एका टोपलीत, प्राणी दुसऱ्या. तीन वर्षांच्या मुलाला आपण वेगळेपण ओळखायला शिकवतो, जमलं की शाबासकी देतो आणि माणसांच्या बाबतीत मात्र त्याला काही दिसत नाही असं धरून चालतो. मुलाला सगळं दिसतं. कोणती बाजू वरची आणि कोणती खालची, एवढंच त्याला अजून ठाऊक नसतं, आणि ते त्याला मोठ्यांकडून कळतं. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून साधे प्रश्न विचारले: चांगली कोणती, वाईट दिसणारी कोणती, तुझ्यासारखी कोणती. बहुसंख्य मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. पुढे १९५४ साली ब्राउन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख झाला. त्या प्रयोगातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. उत्तरेकडच्या, गोऱ्या-काळ्या मुलांच्या मिश्र शाळांत शिकणाऱ्या मुलांतही गोऱ्या बाहुलीकडचा ओढा कमी नव्हता, थोडा जास्तच होता. सगळ्यांना एका वर्गात आणलं की काम झालं, असं मानणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आपल्या इतिहासातही विषमता शिकवण्यासाठी धड्याची गरज कधी पडली नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. ‘हा खालचा आहे’ असं त्या वर्गात फळ्यावर लिहिण्याची गरजच नव्हती, गोणपाट आणि नळ ते काम रोज करत होते. पुढे आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहायला आले, तेव्हा भोवतालच्या गिरण्यांतही तीच रीत होती. विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांच्या एकजुटीची भाषणं त्या काळी मैदानामैदानांत होत होती आणि खात्याच्या दारावर मात्र ही आडकाठी होती. राहण्याच्या जागांचंही तसंच. गिरगाव-गावदेवीत सारस्वतांची वसाहत, दादरला हिंदू कॉलनी आणि पलीकडे पारशी कॉलनी, परळ-लालबागेत गाववाल्यांच्या खोल्या. बीडीडीच्या चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या, सगळीकडे तीच १६० चौरस फुटांची खोली. तरी कोणत्या इमारतीत कोणता समाज हे लोकांना पाठ असायचं. जानेवारी १९७४मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली ती याच इमारतींच्या मधल्या जागेत. चाळीतलं मूल बालवाडीत येतं तेव्हा हा सगळा नकाशा त्याच्या पायांना माहीत असतो. कोणत्या जिन्याने जायचं, कुठल्या इमारतीखाली खेळायचं नाही, हे त्याला चौथ्या वर्षी येतं. का नाही, ते येत नाही, एवढाच काय तो निरागसपणा.

जागाच विषमता शिकवते, ही गोष्ट ज्यांना नीट कळली होती, त्यांत ताराबाई मोडकांचं नाव मी पहिलं घेईन. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं ते मध्यमवर्गीय वस्तीत, आणि उत्तम चाललं. पण त्यांनी १९४५मध्ये बोर्डीला जाऊन काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या मध्यवर्ती बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात. मुलांना समजावा, आयांना समजावा, हा एक मार्ग होता. ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना या कामातून उभी राहिली. मुलाने बदलायचं नाही, जागेने बदलायचं, हा त्यातला विचार मला फार मोठा वाटतो. मात्र त्यातली उणीवही बोलायला हवी. बालवाडी वस्तीत गेली की वस्तीच्या बाहेरची मुलं तिथे येत नाहीत. २ ऑक्टोबर १९७५ला अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, त्यांत आपली धारावीही होती. आज ही योजना अवाढव्य आहे. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत प्राधान्याने अंगणवाड्या काढायला सांगितलं, शाळेतला आहार शिजवण्याच्या कामातही या समाजांतल्या बायकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. दोन्ही आदेश न्याय्य होते. पोट आधी भरायला हवं. पण ज्या वस्तीत सगळे एकाच थरातले, तिथली अंगणवाडीही एकाच थरातली राहते, आणि मग समतेची परीक्षा तिथे फार छोट्या फरकांवर होते: कोणाचा बाप सफाई खात्यात, कोण नुकतं गोंडा-बस्तीहून आलेलं, कोणाची आई बुरख्यात सोडायला येते.

मग बालवाडीत नेमकं करायचं काय? जात-धर्मावर मुलांशी बोलावं, असं काही उत्साही मंडळींना वाटतं. माझा त्याला विरोध आहे, आणि त्याला पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात जाहीर केली नव्हती तोवर वरच्या आणि खालच्या जातींची मुलं सारखीच चालली. मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवल्यावर खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. अधिकारी माणसाने भर सभेत दर्जा पुकारला की त्याचा परिणाम असा थेट हातातल्या पेन्सिलीवर होतो. आपल्याकडे हे पुकारणं रोज सकाळी हजेरीच्या वेळी होतं. मुंबईत आडनावावरून जात काढण्याची कला लोकांच्या अंगात मुरलेली आहे. नव्या बाईंनाही ती येते, आणि आडनाव वाचताना आवाजात जो बारीक फरक पडतो, तो मुलांना ऐकू येतो. म्हणून हजेरी पहिल्या नावाने घ्यायची, आणि सगळ्यांची नावं नीट उच्चारायची. इर्शादचं ‘इर्शा’ आणि व्यंकटम्माचं ‘वेंकी’ आपल्या सोयीसाठी करायचं नाही. रजिस्टरात प्रवर्गाचा रकाना भरावाच लागतो, तो भरावा आणि रजिस्टर कपाटात ठेवावं. एवढी साधी गोष्ट, पण ती पाळली जात नाही. ‘एससीची मुलं किती?’ हा प्रश्न तपासणीला आलेल्या बाई मुलांच्या डोक्यांवरून मोठ्याने विचारतात, आणि सेविका बोटाने दाखवत मोजते.

बसवण्याचंही असंच. मुलांना वाटेल तिथे बसू दिलं की ती ओळखीच्या मुलांजवळ बसतात, म्हणजे त्याच जिन्यावरच्या, त्याच भाषेच्या. याला आपण मुलांचं स्वातंत्र्य म्हणतो. गौतम राव यांनी दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांचा अभ्यास केला. तिथे २००७पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या होत्या. गरीब मुलं वर्गात आल्यावर श्रीमंत घरची मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी करू लागली. इंग्रजीचे गुण किंचित उतरले, बाकी अभ्यासावर परिणाम दिसला नाही. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग अभ्यासगटांचा. काही शाळांत गट नावाच्या आद्याक्षरांनुसार पडत. ज्या मुलांची नावं गरीब मुलांच्या नावांशेजारी आली, ज्यांना त्यांच्याबरोबर रोज काम करावं लागलं, त्यांच्यातला बदल पुष्कळसा या सहवासातून आला होता. क्लार्क यांच्या मिश्र शाळांचं कोडं इथे थोडं सुटतं. एका छताखाली असणं वेगळं आणि एका कामाला हात लावणं वेगळं. बालवाडीत म्हणून जोड्या लावाव्या लागतात. एक सतरंजी दोघांनी धरून झटकायची, एका ताटातले तांदूळ दोघांनी निवडायचे, बाहेर जाताना आज याचा हात धरायचा, उद्या तिचा. आक्षेप येतो की हे कृत्रिम आहे. आहेच. रांगेत उभं राहणं, हात धुऊन जेवणं हेही कृत्रिमच आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

सगळ्यांत चिवट आक्षेप स्वच्छतेचा. ‘आम्ही जात मानत नाही हो, पण ती मुलं स्वच्छ नसतात.’ हे वाक्य मी गांभीर्याने घेते, कारण त्यात अर्धं सत्य असतं. उवा असतात, नखं वाढलेली असतात, शेंबूड वाहत असतो, गणवेश तीन दिवस तोच असतो. सार्वजनिक नळाला पहाटे पाणी येतं आणि त्याच वेळी आईला चार घरची धुणीभांडी करायला टॉवरमध्ये पोचायचं असतं, हे समजून घेतलं तरी उवा उवाच राहतात. प्रश्न इतकाच की त्यांचं काय केलं जातं. एका प्रकारच्या बालवाडीत अस्वच्छ मूल मागे, दाराजवळ, वेगळं बसतं, आणि घरी चिठ्ठी जाते. दुसऱ्या प्रकारच्या बालवाडीत आल्याआल्या सगळीच मुलं तोंड-हात-पाय धुतात, ब्लॉकमधून आलेलं मूलही आणि झोपडीतून आलेलंही. खोबरेल आणि फणी एका डब्यात असते, शनिवारी सगळ्यांचीच नखं कापली जातात. काम तेवढंच, साबण थोडा जास्त लागतो. पण पहिल्या पद्धतीत स्वच्छता ही माणसाची जात होऊन बसते आणि दुसरीत ती रोजची एक कृती राहते. बाईंनी स्वतःच्या रुमालाने कोणाचं नाक पुसलं, कोणाला मांडीवर घेतलं, पडल्यावर कोणाचा गुडघा फुंकला, याची एक वही आठवडाभर ठेवून पाहावी. ज्यांनी ठेवली त्या शिक्षिकांना आपला हात आपोआप कुठे जातो ते पाहून धक्का बसलेला आहे, आणि त्या वाईट बायका मुळीच नव्हत्या. हात गोंडस, गोऱ्या, पावडर लावलेल्या मुलाकडे जातो. मूलही मग शेजारी कोण हवं ते निवडताना जवळच्याला सोडून तिकडेच सरकतं.

हा सगळा भूतकाळ झाला, असंही म्हटलं जातं, आणि त्यालाही आधार आहे. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो असं कबूल केलं. महाराष्ट्रात हा आकडा ४ टक्क्यांच्या घरात होता. फुले-आंबेडकरांच्या चळवळींचं श्रेय यात नक्कीच आहे, ते मी नाकारत नाही. पण दारात आलेल्या माणसाला काय सांगायचं नाही, एवढं महाराष्ट्रात लोकांना कळलेलं आहे, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असणार. मुंबईत कोणी ‘शिवू नको’ म्हणत नाही. ‘आमची सोसायटी शुद्ध शाकाहारी आहे’ म्हणतात. आणि इथून गाडी डब्यावर येते.

डब्याची वेळ ही बालवाडीतली सर्वांत खरी वेळ. वीस-पंचवीस झाकणं एकाच वेळी उघडतात आणि खोलीत वीस घरं येऊन बसतात: तूप-साखर-पोळी, शेपूची भाजी, मॅगी, ठेपले, कालची खिचडी, सुकटाची चटणी आणि चपाती, एखाद्या डब्यात नुसतीच बिस्किटं. चार वर्षांच्या मुलाला मुळात बोंबलाचा वास घाण वाटत नाही. त्याला तो वास वाटतो, जसा शेपूला वास असतो. ‘ईऽऽ’ हा उद्गार शिकवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा बाईंच्या नाकावरून शिकला जातो. ज्या मुलाच्या डब्याला एकदा ‘ईऽऽ’ झालं, ते मूल दुसऱ्या दिवसापासून झाकण अर्धंच उघडतं, डबा मांडीत धरून पुढे वाकून खातं. आठवड्याभरात आई त्याला बिस्किटांचा पुडा द्यायला लागते. पोषणाचा प्रश्न कुठून सुरू होतो पाहा. यावर शाळांनी काढलेला उपाय म्हणजे ‘फक्त भाजी-पोळी आणा’ ही सूचना. दिसायला सगळ्यांना एकच नियम, पण तो एका घरचं स्वयंपाकघर आदर्श धरतो आणि कोळ्याच्या, दलिताच्या, ख्रिस्त्याच्या, मुसलमानाच्या, मालवणी मराठ्याच्या मुलाला सांगतो की तुमच्या घरी शिजतं ते इथे आणण्यासारखं नाही. २०२३च्या अखेरीस राज्याच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, त्यावरून किती गदारोळ झाला. २०२५च्या सुरुवातीला शासनाने त्याचे पैसे थांबवले. सर्वांत कुपोषित मुलाच्या ताटातला सर्वांत स्वस्त प्रथिनांचा पदार्थ दुसऱ्या कोणाच्या तरी भावना सांभाळण्यात मागे पडला, असंच मी याला म्हणेन.

शाकाहारी पालकांची बाजू मात्र खोडून टाकण्यासारखी नाही. गिरगाव-लालबागेतल्या जैन घरातल्या आईला खरोखरच भीती असते की आपलं मूल चुकून मटणाचा घास खाईल, आणि तिची श्रद्धा ही काही दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी काढलेली पळवाट नसते. तिला शब्द देता येतो: तुमच्या मुलाच्या तोंडात तुम्हाला न चालणारं काही जाणार नाही, बाई लक्ष ठेवतील. हा शब्द पाळायला कष्ट पडतात, पण पाळता येतो. मात्र शेजारच्या मुलाने काय खावं, हे ठरवण्याचा हक्क त्या शब्दात येत नाही. एकत्र बसून आपापलं खायचं. वाटून खायचं असेल तर बालवाडीने चुरमुरे, काकडी, गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि ते मुलांनीच पाळीपाळीने वाढायचे. आज ज्या मुलाची वाढायची पाळी असेल त्याच्या हातून सगळे घेतात, कोणी ‘तिच्या हातचं नको’ म्हणालं तर बाईंनी सगळ्यांत आधी आपली वाटी पुढे करायची, भाषण करायचं नाही. अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकर सहभोजनं घडवून आणायला केवढी खटपट करावी लागली होती! तिथे मोठी माणसं येत होती, मनात वाद घेऊन, वर्तमानपत्रात बातमी येईल या धाकाने. मुलं विनाखटपट रोज सहभोजन करतात, आपण मध्ये आलो नाही तर.

रंगाबद्दल थोडं. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने १९७५पासून वापरलेलं आपलं नाव २०२०मध्ये बदललं. स्नेहसंमेलनाची पात्रयोजना अजून बदललेली नाही. परी, राधा, भारतमाता गोऱ्या मुलीला. सावळीला झाड किंवा फार तर शबरी. राक्षसाला सगळ्यांत काळा मुलगा, वर काजळ फासून. कृष्ण सावळा, विठोबा काळा असं आपण दिवसभर म्हणतो आणि कृष्ण म्हणून गोरा मुलगा निळा रंगवून उभा करतो. चिठ्ठ्या टाकून भूमिका द्याव्यात, विषय संपतो. रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात, आणि तपकिरी हाताने तो कागदावर घासतात. तिथे दोन-तीन तपकिरी खडू जास्त ठेवून आरशात बघून चेहरा रंगवायला सांगितलं तर चार वर्षांचं मूल स्वतःच खडू बदलतं. नेपाळी वॉचमनच्या किंवा मणिपूरहून आलेल्या ब्यूटी पार्लरवाल्या ताईच्या मुलाला ‘चिनी’ म्हणणारी मुलं हे घरून घेऊन येतात. तिथे ‘त्याचं नाव काय?’ एवढं विचारून नाव घ्यायला लावणं पुरतं, पण प्रत्येक वेळी विचारावं लागतं, कंटाळा करून चालत नाही.

सणांबाबत आमच्याकडे भाबडेपणा फार. एका दिवशी टोपी, पगडी, क्रॉस घालून मुलांची मिरवणूक काढली की सर्वधर्मसमभाव उरकला. मला त्यापेक्षा ६ डिसेंबर, आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, महत्त्वाचा वाटतो. दादरच्या मुलांच्या डोळ्यांदेखत शिवाजी पार्क परिसरात गावोगावहून लाखो माणसं येतात, रांगेत उभी राहतात, पुस्तकं विकत घेतात. आणि त्याच मुलांच्या कानांवर घरात पडतं: खिडक्या लावा, घाण करतात, आज बाहेर पडू नका. आषाढीच्या वाटेवर तेवढीच माणसं चालतात तेव्हा आपण त्यांच्या पाया पडतो. बालवाडीने इथे काही मोठं करायचं नाही. ही माणसं कुठून आली, काय खातात, पुस्तकं का घेतात, यावर दुसऱ्या दिवशी गोलात बोलावं. ज्या मुलाच्या घरी पाहुणे उतरले असतील त्याला सांगू द्यावं. त्या दिवशी ते मूल पहिल्यांदा गोलाच्या मध्यभागी येतं. जात हा शब्द उच्चारावा लागत नाही.

आणि मावशी. प्रत्येक बालवाडीत एक मावशी असते: सतरंजी तीच झटकते, शी-शू तीच काढते, दार तीच उघडते. बाई खुर्चीवर, मावशी जमिनीवर. बाईंचा चहा कपात, मावशीचा स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला खिडकीत उपडा वेगळा. बाईंना ‘अहो’, मावशीला ‘ए’. समतेवरच्या प्रशिक्षणात तक्ते असतात, खेळ असतात, पण या पेल्यावर कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही. बोलायला गेलं की वातावरण गढूळ होतं, कारण इथे प्रश्न मुलांचा उरत नाही. पण मुलांना पेला रोज दिसतो. शी काढणारे हात आणि अक्षर गिरवून देणारे हात वेगळे असतात, त्यांचे पेले वेगळे असतात, हा त्यांचा रोजचा धडा. आठवड्यातून एक दिवस मावशींनी गोष्ट सांगावी आणि बाईंनी सतरंजी झटकावी, मुलांची शी काढावी, हा बदल बिनखर्चाचा आहे. त्याला सर्वांत जास्त विरोध शिक्षिकांकडूनच होतो, आणि कारण कोणी सांगत नाही.

राहता राहिला पैशाचा आक्षेप: असं केलं तर चांगल्या घरचे पालक मुलं काढून घेतील आणि बालवाडी बंद पडेल. काही जण काढतात, हे खरं. पण गिरणगावात खरी गोष्ट उलट्या बाजूने घडून गेली आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले, आणि टॉवरच्या पोडियमवर ‘माँटेसरी’ आल्या. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीतल्या चाळवजा इमारतीत, कामगारांच्या पोरांसाठी निघालं होतं. हे आज फीचा तक्ता पाहून कोणाला खरं वाटणार नाही. रस्त्याच्या एका बाजूला टॉवरमधल्या मुलांची नर्सरी आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच घरी काम करणाऱ्या बायकांच्या मुलांची अंगणवाडी, हे दृश्य लोअर परळ ते लालबाग कुठेही दिसेल. शिक्षण हक्क कायद्यातली, खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याची तरतूद हा एवढाच पूल आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना त्यातून मोकळं केलं होतं. मुंबईत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत नाही अशी जागा शोधावीच लागेल. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. पण शाळेला न जोडलेल्या, सुट्या नर्सऱ्या आणि प्लेग्रुप या तरतुदीच्या बाहेरच राहतात. म्हणजे अडीच-तीन ते पाच-सहा या वयात, जेव्हा एका ताटातले तांदूळ निवडण्याचा एवढा उपयोग होतो, तेव्हा टॉवरमधलं मूल आणि मावशीचं मूल एका सतरंजीवर बसावं अशी सक्ती कोणावरच नाही. सुट्या नर्सऱ्यांनाही हा नियम लावावा, ही मागणी आम्हा बालवाडीवाल्यांच्या बैठकांत निघते; पालकसभेत ती अजून कोणी केलेली नाही.